सहीची किंमत

एखाद्या पुढाऱ्यावर भ्रष्टाचाराचा आरोप झाला की महाराष्ट्रात पहिला प्रश्न ठरलेला असतो: त्याने स्वतः किती खाल्ले? उत्तर ‘काहीच नाही’ असे आले तर निम्मा आरोप तिथेच विरतो. ‘पक्षासाठी घेतले, घरी नेले नाही’, ‘संस्था उभी केली, स्वतःची इस्टेट केली नाही’ असे आपण सहज म्हणतो, आणि बहुतेक वेळा मनापासून म्हणतो. संपत्ती, नीती आणि राजकीय भ्रष्टाचार यांच्या नात्यावरील पुस्तकाची प्रस्तावना लिहिताना मला या कसोटीपासूनच सुरुवात करावीशी वाटते. ती अपुरी आहेच, पण त्याहून मोठी अडचण अशी की तिने गेली साठ-सत्तर वर्षे आपले लक्ष भलत्याच ठिकाणी खिळवून ठेवले आहे. पैसा शेवटी कोणाच्या तिजोरीत गेला हे शोधताना, त्या पैशाच्या मोबदल्यात राज्यसत्तेने काय दिले आणि हा व्यवहार लोकांपासून कसा लपवला, हे पाहायचे राहून जाते. माझे म्हणणे असे की राजकीय भ्रष्टाचाराचे मर्म या देवघेवीत आणि तिच्या गुप्ततेत आहे. घेणारा माणूस लोभी आहे की निरिच्छ, हा प्रश्न त्याच्या चरित्रकारासाठी महत्त्वाचा असेल; ज्याचे नुकसान झाले त्या नागरिकाला त्याने फरक पडत नाही.

१९८१ सालचे मुंबईतले सिमेंट प्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. त्या काळी सिमेंटची टंचाई होती. भाव सरकार ठरवी, वाटपही सरकारच करी, आणि सरकारी भाव व काळ्या बाजारातला भाव यांत मोठी तफावत असे. सरकारी कोट्यातून ज्या बिल्डरला सिमेंट मिळे त्याला प्रत्येक गोणीमागे ती तफावत पदरात पडे. मंत्र्याच्या सहीला अशी बाजारात मोजता येणारी किंमत आली होती. मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांनी त्या सुमारास काही विश्वस्त संस्था काढल्या. त्यांतले सर्वांत गाजलेले नाव इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानचे. साहित्यिक आणि कलावंतांना साहाय्य करणे हा तिचा उद्देश. बिल्डर आणि सहकारी साखर कारखाने यांच्याकडून या संस्थांसाठी देणग्या कशा गोळा होत आहेत, हे ऑगस्ट १९८१च्या अखेरीस अरुण शौरी यांनी ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये मांडले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. सिमेंटचे वाटप आणि देणग्या यांचा परस्परसंबंध होता, असा निष्कर्ष न्यायमूर्ती लेंटिन यांनी जानेवारी १९८२मध्ये काढला आणि अंतुले यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. फौजदारी खटला मात्र कोणत्या न्यायालयात चालावा याच वादात वर्षे गेली. तो उच्च न्यायालयात चालवण्याचा स्वतःचाच १९८४चा आदेश सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने १९८८ साली मागे घेतला. आज या प्रकरणाकडे पाहताना मला महत्त्वाचे वाटते ते हे की पैसा संस्थेच्या नावाने, सांस्कृतिक कार्यासाठी मागितला गेला होता, आणि अनेकांच्या मनात तेवढ्यानेच दोष सौम्य झाला. पण पाच-पंचवीस गोण्यांसाठी परवाना हातात घेऊन जो रांगेत उभा राहिला, ज्याच्या दोन खोल्या जोत्याच्या वर गेल्या नाहीत, त्याच्या दृष्टीने पैसा प्रतिष्ठानात गेला काय आणि तिजोरीत गेला काय, सारखेच. त्याच्या वाट्याचे सिमेंट देणगीच्या तराजूवर दुसऱ्याकडे गेले होते. उद्या एखाद्या गरजू कवीला त्या निधीतून मानधन मिळाले असते, तर त्याचा खरा दाता तो रांगेतला माणूस ठरला असता, आणि दोघांनाही ते कधी कळले नसते.

फेब्रुवारी १९८२च्या अखेरीस केंद्राने सिमेंटवरचे नियंत्रण अंशतः उठवले आणि सिमेंटच्या कागदावरच्या सहीचे मोल उतरले. राजकारणातली माणसे त्या महिन्यात अधिक सज्जन झाली नव्हती. त्यांच्या हातातली विकण्याजोगी एक गोष्ट कमी झाली होती. पुढे जमिनीचे भाव चढत गेले तसे ते मोल चटईक्षेत्राकडे, आरक्षण उठवण्याकडे, बिगरशेती परवानगीकडे सरकले. गिरणगावाची कथा इथे सांगायलाच हवी. ज्या जानेवारीत अंतुले पायउतार झाले त्याच जानेवारीत मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. संपाने आणि त्यानंतरच्या पडझडीने गिरण्या थंडावल्या आणि शहराच्या मध्यभागातली सुमारे सहाशे एकर जमीन कोणाची, हा प्रश्न पुढे आला. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ क्रमांकाच्या नियमाने याचे एक उत्तर दिले होते: गिरणीची जागा विकसित करताना साधारण एक-तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक-तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. २००१ साली हा नियम बदलला. वाटणी फक्त मुळात मोकळ्या असलेल्या जमिनीची होईल, गिरणीच्या इमारतींखालच्या जमिनीची नाही, असे ठरले आणि शहराचा वाटा एकदम आक्रसला. उच्च न्यायालयाने २००५ साली या बदलाविरुद्ध निकाल दिला, मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. या निर्णयासाठी कोणी पैसे घेतले असे सिद्ध झालेले नाही आणि तसे मी सुचवतही नाही. माझा मुद्दा नेमका तिथेच आहे. ‘कोणी किती खाल्ले’ हा प्रश्न इथे विचारला तर उत्तर शून्य येते आणि विषय संपतो. पण एका दुरुस्तीने मुंबईतल्या सामान्य माणसाच्या हक्काची मोकळी हवा आणि परवडणारी घरे कमी झाली, ही गोष्ट संपत नाही. विचारायला हवे होते ते असे: हा बदल कोणी मागितला, फाइलवर त्याची कारणे काय लिहिली गेली, आणि त्या वर्षांत या जमिनींत हितसंबंध असलेल्यांनी कोणत्या पक्षाला किती देणग्या दिल्या? यातल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नागरिकाला मिळण्याची सोयच २००१ साली नव्हती. वीस हजार रुपयांवरील देणग्यांची यादी निवडणूक आयोगाला देण्याचे कलम कायद्यात आले २००३ साली. मुंबईतल्या ‘आदर्श’ गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीवरून २०१०मध्ये केवढा क्षोभ उसळला, कारण तिथे सदनिका होत्या, नावे होती, नातेवाईक होते. गिरण्यांच्या जमिनीत असे काही बोट दाखवण्याजोगे नव्हते, म्हणून एका इमारतीच्या कितीतरी पट मोठा प्रश्न त्या मानाने शांततेत निकाली निघाला.

देणग्यांची ही गुप्तता आपोआप आलेली नाही. तिचा इतिहास स्वतंत्र भारताच्या कायद्यांत वाचता येतो आणि तो मुंबईतूनच सुरू होतो. १९५७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या नियमपत्रात बदल मागितला. एका भागधारकाने हरकत घेतली. मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी कायद्याप्रमाणे परवानगी दिली, पण कंपन्यांच्या पैशाने लोकशाहीचा गळा आवळला जाऊ शकतो, असा स्पष्ट इशारा देऊन संसदेने यात लक्ष घालावे असे सुचवले. पुढच्याच वर्षी मुंदडा प्रकरणाची चौकशी त्यांच्याकडे आली. नव्याने स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे समभाग घेतले होते आणि फिरोज गांधींनी लोकसभेत ते उघडकीला आणले होते. छागलांनी उघड सुनावणी घेतली. ती ऐकायला लोटलेल्या गर्दीसाठी बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. अवघ्या काही आठवड्यांत अहवाल आला आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांनी राजीनामा दिला. कृष्णमाचारींनी स्वतःचा फायदा करून घेतला असे छागलांनी म्हटले नव्हते. आपल्या खात्यात झालेल्या व्यवहाराची जबाबदारी मंत्र्याने घेतली पाहिजे, एवढेच म्हटले होते. मला ही कसोटी योग्य वाटते, आणि ती आपण इतक्या लवकर सोडून दिली याची खंतही वाटते. १९६०च्या दुरुस्तीने कंपन्यांच्या देणग्यांना मर्यादा आली आणि पक्षाचे नाव हिशेबात दाखवणे सक्तीचे झाले. तेव्हाचे वातावरण कसे होते याची कल्पना एका पत्रावरून येते. १९६१ साली जे. आर. डी. टाटा यांनी पंतप्रधान नेहरूंना लिहून कळवले की आम्ही काँग्रेसबरोबर ‘स्वतंत्र’ पक्षालाही देणगी देणार आहोत. विरोधकाला पैसा देणारा उद्योगपती सत्ताधाऱ्याला ते स्वतःहून सांगत होता. १९६९ साली कंपन्यांच्या देणग्यांवर पूर्ण बंदी आली. निवडणुकांचा खर्च कायम राहिला, पक्षांना दुसरे साधन दिले गेले नाही, आणि जो पैसा ताळेबंदात दिसत होता तो रोखीत शिरला. १९७४च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती भगवती यांनी उमेदवारासाठी पक्षाने केलेला खर्चही त्याच्या खर्चमर्यादेत मोजला जाईल असा निकाल दिला. त्याच महिन्यात वटहुकूम काढून पक्षाचा खर्च मोजणीतून वगळण्यात आला. १९८५ साली बंदी उठली तोवर रोखीची सवय मुरलेली होती.

या वाटेचे शेवटचे टोक म्हणजे निवडणूक रोखे. २०१७च्या वित्त कायद्याने कंपन्यांच्या देणगीवरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा काढली, पक्षाचे नाव जाहीर करण्याचे बंधन काढले, आणि जानेवारी २०१८मध्ये स्टेट बँकेमार्फत विकल्या जाणाऱ्या निनावी रोख्यांची योजना आली. तिच्या बाजूने केलेला युक्तिवाद गंभीर होता आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. देणगीदाराचे नाव उघड झाले तर ज्याला देणगी मिळाली नाही तो पक्ष सत्तेवर येताच सूड उगवील. गुप्तता असेल तर पैसा रोखीतून बँकेत येईल. सूडाची भीती खरी आहे. पण ही गुप्तता फक्त नागरिकापुरती होती. रोख्यावर अतिनील प्रकाशात दिसणारा क्रमांक होता, आणि खरेदीची नोंद ज्या बँकेकडे होती तिच्यावर नियंत्रण सरकारचे होते. ज्याच्या सूडाची भीती धरायची त्याला माहिती मिळवणे शक्य होते, आणि ज्याच्या मतावर त्याची सत्ता उभी होती तो अंधारात होता. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने मतदाराच्या माहितीच्या हक्काला प्राधान्य देऊन ही योजना रद्द केली. नंतर याद्या बाहेर आल्या. एकूण साडेसोळा हजार कोटी रुपयांच्या आसपास रोखे विकले गेले होते. केंद्रात सत्तेवर असलेल्या भाजपने सहा हजार कोटींहून अधिक वटवले. तृणमूल, भारत राष्ट्र समिती, बिजू जनता दल, द्रमुक या आपापल्या राज्यांत सत्ता भोगलेल्या पक्षांनाही मोठ्या रकमा मिळाल्या. सर्वाधिक रोखे, १,३६८ कोटींचे, घेणारी कंपनी लॉटरीच्या धंद्यातली होती, आणि लॉटरी चालू द्यायची की नाही हे राज्य सरकार ठरवते. प्रत्येक रोख्यामागे सौदा होता असे म्हणण्याइतका पुरावा नाही. पण पैसा विचारसरणीच्या शोधात निघाला असता तर तो इतक्या नेमकेपणाने सहीच्या अधिकाराजवळ जमला नसता. आणि यातही ‘स्वतः खाल्ले का’ या प्रश्नाला जागा नाही, कारण सारे बँकेतून, पक्षाच्या खात्यात, कायद्याने झाले.

इथवर वाचून कोणी म्हणेल की तुमचा रोख संपत्तीवरच आहे. तसा तो नाही. १७१६च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या ‘आज्ञापत्रा’त साहुकारांवर स्वतंत्र प्रकरण आहे. राज्याची भरभराट त्यांच्यामुळे होते, म्हणून त्यांना मानाने वागवावे असे तिथे सांगितले आहे. त्याच ग्रंथात टोपीकर, म्हणजे युरोपीय, व्यापाऱ्यांना मात्र किनाऱ्यावर वखारीसाठी कायमची जागा देऊ नये असे बजावले आहे, कारण त्यांच्या व्यापारामागे राज्य करण्याचा हेतू आहे. व्यापार करणारे धन आणि सत्ता विकत घेऊ पाहणारे धन यांतला भेद तीनशे वर्षांपूर्वी मराठी राज्यकर्त्याला स्पष्ट दिसत होता. दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूने येतो आणि तो गावोगाव ऐकू येतो: ज्याच्या घरी आधीच सगळे आहे तो कशाला खाईल, म्हणून खाऊनपिऊन सुखी माणूसच निवडून द्यावा. हा प्रयोग आपण केलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३च्या निकालांमुळे उमेदवारांना मालमत्ता जाहीर करावी लागते, आणि असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सने या शपथपत्रांवरून केलेल्या मोजणीत कोट्यधीश खासदार २००९ साली ५८ टक्के होते, २०२४ साली ९३ टक्के झाले. लोकसभा श्रीमंत झाली, पण तिच्याबरोबर राजकारण निर्लोभ झाले असे कोणी म्हणू शकणार नाही. याच शपथपत्रांच्या आधारे रेमंड फिसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राज्यांच्या निवडणुकांत थोडक्यात जिंकलेले आणि थोडक्यात हरलेले उमेदवार यांची तुलना केली. विजयी उमेदवारांची मालमत्ता दर वर्षी तीन ते पाच टक्के अधिक वेगाने वाढलेली आढळली. श्रीमंत उमेदवार पक्षाला हवा असतो तो मुळात निवडणुकीचा भार पेलण्यासाठी, आणि जो भार पेलतो तो त्याची भरपाई कुठून करणार याचा विचार मतदाराने केला पाहिजे.

निवडणुकीचा भार हा या सगळ्याच्या मुळाशी आहे. कागदावर मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख रुपयांची मर्यादा आहे. पक्षाच्या खर्चाला कोणतीही मर्यादा नाही. प्रत्यक्षातला पैसा कुठून येतो याचा एक अप्रत्यक्ष माग देवेश कपूर आणि मिलन वैष्णव यांनी काढला. राज्यात निवडणूक जवळ आली की सिमेंटचा खप घसरतो, असे त्यांना आकडेवारीत दिसले. बिल्डरांकडचा रोख पैसा त्या काळात राजकारणाकडे वळतो आणि बांधकामे मंदावतात, हा त्यांचा तर्क आहे. सिमेंटवरचे नियंत्रण जाऊन किती वर्षे लोटली, तरी बिल्डर आणि राजकारणी यांच्यात तेव्हा झालेली देवघेव त्याच दोघांत चालू असल्याची ही खूण आहे.

मतदारच पैसे घेतो, मग पुढाऱ्याला कशाला बोल लावता, असा तिसरा आक्षेप. मत विकणे वाईटच. पण दोन्ही व्यवहार एकाच पारड्यात घालणे अन्यायाचे आहे. मतदान गुप्त असल्याने पैसे घेणारा गरीब माणूस कोणाला मत देतो हे देणाऱ्याला कळत नाही. त्याच्याकडून वसुली होत नाही. मोठ्या देणगीदाराची वसुली होते, कारण त्याला मिळणारी सही कागदावर दिसते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी राजकीय समता आणि आर्थिक विषमता यांतला विरोध दाखवला होता. माझ्या मते तो विरोध आज या दोन व्यवहारांच्या फरकात सर्वांत उघडा दिसतो: एकाला मताची किंमत एकदा मिळते, दुसरा आपली रक्कम पाच वर्षे व्याजासह फेडून घेतो. लाचेने अडलेले गाडे चालते, त्यातून विकास होतो, हा चौथा युक्तिवाद अर्थशास्त्रात १९६०च्या दशकात बराच चालला. त्याला गिरणगावात उत्तर मिळते. तिथे गाडे अडले नव्हते. ते कोणाच्या जमिनीवरून जावे एवढेच ठरायचे होते.

मग वैयक्तिक नीतीला काहीच अर्थ नाही का? आहे, आणि फार आहे. साध्या राहणीची, स्वच्छ हातांची माणसे महाराष्ट्राच्या राजकारणात सर्व पक्षांत होऊन गेली आणि त्यांच्यामुळे अनेकांना सार्वजनिक जीवनात यावेसे वाटले. माझी हरकत त्यांच्या नावाआड लपण्याला आहे. निःस्पृह नेत्याच्या पक्षाचा खर्चही कोणीतरी करतच असतो. नेता तो प्रश्न विचारत नसेल, तर त्याच्या निःस्पृहतेचा लाभ खजिनदाराला होतो. शिवाय आपला कायदाही हळूहळू ‘घरी किती नेले’ याच मापाकडे सरकला आहे. १९८८च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात पदाचा गैरवापर करून दुसऱ्याला आर्थिक लाभ करून देणे हाही गुन्हा होता. प्रामाणिक अधिकारी त्या तरतुदीला घाबरून सही करत नाहीत, ही तक्रार रास्त होती. परंतु २०१८ साली ती तरतूद सुधारण्याऐवजी काढूनच टाकली गेली. आता गुन्हेगारी गैरवर्तनाच्या कलमात अफरातफर आणि बेहिशेबी मालमत्ता एवढेच उरले आहे. लाचेचे कलम स्वतंत्रपणे कायम आहे, पण त्यासाठी देणे आणि घेणे यांचा दुवा सिद्ध करावा लागतो, आणि तो दुवा तर देणग्यांच्या अंधारातच असतो.

रोखे गेले, पण त्यांच्या जागी काय आले? इलेक्टोरल ट्रस्टमार्फत देणगी देण्याची २०१३पासूनची वाट पुन्हा वाहू लागली आहे. देणग्यांची माहिती आर्थिक वर्ष संपल्यावर, म्हणजे बहुधा मतदान होऊन गेल्यावर बाहेर येते. वीस हजारांच्या खालच्या देणग्यांचे नाव सांगावे लागत नाही, आणि पक्षाच्या खर्चाला मर्यादा नाहीच. मोठी देणगी मिळाल्यापासून काही दिवसांत ती जाहीर करणे, पक्षाच्या खर्चावर कमाल रेषा आखणे, आणि आरक्षण, चटईक्षेत्र, परवाने यांतल्या प्रत्येक विवेकाधीन निर्णयाची कारणे निर्णयाबरोबरच प्रसिद्ध करणे, या तीन गोष्टींसाठी कोणी संत असण्याची गरज नाही. छोट्या देणगीदाराला गुप्ततेचे संरक्षण जरूर असावे. शंभर-दोनशे रुपये देणाऱ्याच्या नावाशी कोणाला कर्तव्य नाही. अडचण इच्छेची आहे. ३ जून २०१३ रोजी केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्ष माहिती अधिकार कायद्याच्या कक्षेत येतात असा आदेश दिला. काँग्रेस, भाजप, राष्ट्रवादी काँग्रेस, बसप आणि दोन्ही कम्युनिस्ट पक्ष एरवी एकमेकांवर पैसे खाल्ल्याचे आरोप करतात. या आदेशाचे पालन त्यांच्यापैकी एकानेही केले नाही, आणि त्याविरुद्ध आयोगाकडे तक्रारी गेल्या तेव्हा बहुतेकांनी उत्तर देण्याचीही तसदी घेतली नाही.